सामाईक भिंतीला खिळा नाही

निघोज्यात मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचो, त्या मालकांच्या घरात एकाही भिंतीला खिळा नव्हता. कॅलेंडर खाटेवर पडलेलं. घड्याळ गव्हाच्या कोठीवर, तेलाच्या डब्याला टेकून उभं. देवांच्या तसबिरी खिडकीच्या गजांना सुतळीनं बांधलेल्या, वारा सुटला की देव डुलायचे. खोली बघायला गेलो तेव्हा मी विचारलं, "शर्ट कुठं अडकवायचा?" तर म्हणाले, "अंगात."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं आहे, असं मला तेव्हा वाटलं. पुढं तीन वर्षं राहिलो आणि खात्रीच पटली. पण आज हिंजवडीजवळ माणमध्ये सोळाव्या मजल्यावर, चारी भिंतींना हवे तितके खिळे ठोकलेल्या घरात बसून त्या फिरलेल्या डोक्याची आठवण येते तेव्हा जीव नुसता कासावीस होतो.

गावात त्यांना सगळे आण्णा म्हणायचे. पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये फिटर म्हणून उभा जन्म काढलेला. रिटायर झाल्यावरही अंगात कंपनीचं निळं जाकीट, खाली पांढरा लेंगा, आणि जाकिटाच्या खिशात खडू आणि सहा इंची स्टीलची पट्टी. जगात त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, ओके आणि रिजेक्ट. बाजारातली वांगी रिजेक्ट, सरपंच रिजेक्ट. भाचीला बघायला आलेला मुलगा मात्र "रीवर्क करून चालंल." पलीकडच्या कंपनीचा भोंगा झाला की जेवायला बसायचं, भूक असो नसो. बोलण्यात सारखं एकच पालुपद, "आधी माप, मंग हातोडा." आणि माप सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. दाराबाहेर माझी चप्पल जरा वाकडी दिसली की आतून आवाज यायचा, "पाव्हणं, डावी दोन सूत आत घ्या." मी लातूरकडचा. आमच्याकडं चप्पल काढली ती जिथं पडेल तिथं तिचं नशीब.

खिळ्याचं प्रकरण असं. घर लांबलचक. पुढचा, रस्त्याकडचा भाग आण्णांचा. मधला भाग त्यांच्या धाकट्या भावाचा, त्याला गाव बापू म्हणायचं. त्यांचं दार बाजूच्या बोळात. आणि सगळ्यात मागं, जिथं पूर्वी गोठा होता, तिथं पत्र्याची एक खोली. ती परत आण्णांच्या वाट्याची. तिथं मी. दोघा भावांच्या मध्ये एक सामाईक भिंत, आणि वाटणीच्या वेळी पंचांनी स्टँपपेपरवर लिहून घेतलेलं की सामाईक भिंतीला कुणीही खिळा मारायचा नाही, भोक पाडायचं नाही. आण्णांनी ते इतकं मनावर घेतलं की बाकीच्या भिंतींनाही खिळा मारू देईनात. मी म्हटलं, "आण्णा, ही तर तुमची एकट्याची भिंत आहे की." म्हणाले, "चारी भिंती एकमेकीला चिकटल्यात. हिला मारला तर तिला कळतं."

भावाभावांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. चिंचेचं वावर म्हणून दोघांचं एक शेत होतं. वावर बापूच कसायचे, आण्णा कंपनीत. कारखान्यासाठी जमीन मागायला लोक आले तेव्हा आण्णा फस्ट शिफ्टला गेलेले, आणि बापूंनी घरी विचारण्याआधीच सही करून टाकली. मग आण्णांनीही रागानं केली. चिंच अजून आहे, पण कंपाउंडच्या आत, तिच्याखाली कंटेनर उभे असतात. सही झाली, वाटणी झाली, आणि आण्णांनी मधली भिंत दुप्पट जाड घातली, आत भंगारातून आणलेल्या सळ्या दाबून. वर छताशी धूर जायला तेवढा एक झरोका राहिला.

बोलणं नव्हतं म्हणजे गप्प होते असं नाही हां. रोज संध्याकाळी आण्णा ओट्यावर बसून माझ्याशी बोलायचे, आणि इतक्या मोठ्यानं की मला वाटायचं मी बहिरा आहे. "पाव्हणं! उद्या नळाला पाणी न्हाई म्हणं! टाक्या भरून ठिवा!" माझ्याकडं एक बादली होती. दोन मिनिटांनी बोळातून बापूंचा आवाज. ते त्यांच्या कुत्र्याशी बोलायचे. "टायगर, टाकी भरलीया आपली. आपल्याला कुणी शिकवाय नको." आण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी राजगुरुनगरला दिलेली. बापूंची मंडळी मोशीला मुलाकडं नातवंडं सांभाळायला. दोघं म्हातारे भिंतीच्या दोन बाजूंना एकेकट्याची भाकरी थापत बसायचे, आणि एकमेकांची खबरबात मला नाहीतर कुत्र्याला सांगायचे. मी आणि टायगर एकाच पदावर होतो म्हणा ना.

माझं काम गाड्यांच्या पार्टची ड्रॉइंग करण्याचं. तीन दिवस कंपनीत, बाकीचे दिवस घरून. घरून म्हणजे पत्र्याखालून, आणि तिथं मोबाईलचं नेट यायचंच नाही. मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की साहेब म्हणायचे, "कोण पाण्यात बोलतंय?" आण्णांच्या हॉलमध्ये वायफाय होतं, मुलीनं बसवून दिलेलं. ते माझ्या खोलीपर्यंत आणायचं एवढंच काम होतं. वायर टाकली असती तर दहा मिनिटांचा खेळ. पण भिंतीला भोक पाडायचं नाही. बोळातून फिरवली, ती पहिल्याच आठवड्यात टेम्पोनं ओढून नेली. मी वैतागलो. सरळ सांगितलं, "आण्णा, मला खोली बदलावी लागेल. नोकरी जाईल माझी." त्यांचा चेहरा पडला. मग खिशातून खडू काढला आणि म्हणाले, "बिनवायरीचं नेतात ना? आधी माप."

दोन दिवस आमचं तेच चाललं. मी फोनवर सिग्नल बघून आकडा सांगायचा, आण्णांनी तिथं फरशीवर खडूनं लिहायचा. आकडे उणे असतात हे त्यांना मुळीच पटेना. "उणे चाळीस? म्हंजी हाय का न्हाई?"

"आहे. जितकं उणं कमी, तितकं चांगलं."

"म्हंजी तोटा कमी झाला की फायदा समजायचा." ते हसले. "शेतीच की वो ही!"

मग त्यांनी मुलीकडून एक रिपीटर मागवला. मुठीएवढी डबी, थेट प्लगात बसते, इकडचं नेट पकडून पुढं देते. आण्णांनी ती मोठ्या थाटात नेऊन माझ्या खोलीतच लावली. जिथं अंधार तिथं दिवा, असा त्यांचा हिशोब. डबीचा लाल दिवा लागला तो लालच राहिला. माझ्या खोलीत तिला पकडायला काही सापडेचना, सेटिंगच अर्धवट राहिलं. आण्णा डबीकडं बघत बसले, आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "हिलाच ऐकू येईना, तर ही म्होरं काय सांगनार? मधी पायजे ही. निम्म्यावर."

निम्म्यावर काय होतं ते दोघांनाही माहीत होतं. तरी मी स्टुलावर चढून झरोक्यापाशी फोन धरला. उणे पन्नास. झकास. झरोक्याच्या पलीकडं बापूंचं स्वैपाकघर.

"मग ऱ्हाऊ द्या," आण्णा म्हणाले आणि फरशीवरचे आकडे पायानं पुसायला लागले.

त्या संध्याकाळी मात्र ओट्यावर त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता. "पाव्हण्याची नोकरी चालली! खोली सोडून चाललं बिचारं! पर कुणाला काय त्याचं!"

बोळातून बापू, "टायगर, आपल्या दारात कुणी काय मागाय आलं, तर आपन कवा न्हाई म्हणलोय का रं?"

आण्णांनी माझ्याकडं न बघता डबी माझ्या हातात दिली.

बापू दिसायला आण्णांसारखेच, फक्त कमरेत वाकलेले. त्यांनी फळीवरचे डबे सरकवून प्लग मोकळा करून दिला. मी फोनवर सेटिंग करायला घेतलं आणि अडलो. पासवर्ड! तो आण्णांनी मला कधी सांगितलाच नव्हता, पाठ फिरवून स्वतः टाकून द्यायचे. मी म्हटलं, "परत तिकडं जाऊन यावं लागेल."

"कशाला?" बापू म्हणाले. "लिही. चिंचेचं वावर. आन त्याम्होरं गटनंबर." आणि नंबर सांगितला.

स्पेलिंग माझं दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा डबीचा दिवा हिरवा झाला. मी बापूंकडं बघतच राहिलो. त्यांनी विचारलंही नाही की लागला का. फळीवरचे डबे परत जागेवर ठेवत म्हणाले, "दुसरं काय घालनार त्यो? त्येला वावर दिसायचं, रं. मला ते कमरंत बसायचं. म्हणून सही केली. इचाराय पायजे हुतं, ही माझी चूक." मग एकदम रागावून, "हे तिकडं सांगू नगं!"

मी सांगितलं नाही. आजही ते डाचतं. सांगितलं असतं तर वर्षभर आधी मिटलं असतं.

नेट आलं, झकास आलं. फक्त एक भानगड होती. डबीचा दिवा बघून झोप लागत नाही म्हणून बापू रात्री निजताना बटण बंद करायचे आणि पहाटे साडेपाचला उठले की चालू. आण्णांना ह्याचा पत्ता कसा लागला, तर मीच त्यांच्या फोनमध्ये एक अॅप घालून दिलं होतं, आणि माझ्याही, ज्यात त्या वायफायला काय काय जोडलेलं आहे ते कुठूनही दिसतं. डबी चालू झाली की यादीत एक ओळ वाढते. एवढंच. पण आण्णा पहाटे ओट्यावर फोन हातात धरून बसायला लागले. साडेपाचला ओळ उमटली की म्हणायचे, "आला." आणि उठून चूळ भरायला जायचे. रात्री ओळ गेली की "गेला," आणि मग आपलं अंथरूण घालायचं.

पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याला नेटचा नाद लागला. मग थंडी पडली. एक दिवस ओळ सहाला उमटली. आण्णा स्वतःशीच पुटपुटले, "अर्धा तास लेट. छाती भरली आसंल." आणि थोड्या वेळानं मला, "पाव्हणं, काढा जरा जास्तच झालाय. टाकून द्यायचा का?" मी पातेलं घेऊन बोळात गेलो. बापूंना खरंच खोकला होता. काढा पिताना त्यांनी विचारलं, "ह्येला कसं कळलं?" मी बोलून गेलो, "रोज सकाळी तुमचा दिवा लागायची वाट बघतात ते." बापू टायगरच्या कानामागं खाजवत राहिले.

आणि मग तो दिवस. साडेपाच झाले, सहा झाले, सात झाले. ओळ नाही. गावात लाईट होती. आण्णा फोन खालीवर करत होते. मी म्हटलं, "जाऊन बघून येतो."

"नगं," ते म्हणाले. "काढून टाकलं आसंल त्यानं. आपल्याला कुणाच्या दारात जायचं न्हाई."

माझी कंपनीची गाडी आली, मी गेलो. दिवसभर चित्त नव्हतं. संध्याकाळी पाचला परत आलो तर आण्णा सकाळच्याच जागी, सकाळच्याच जाकिटात. भोंगा होऊन गेला होता आणि भाकरीचं ताट तसंच झाकलेलं. उभ्या जन्मात भोंगा चुकवला नसेल त्या माणसानं. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, घरमालकावर, वडिलांच्या वयाच्या माणसावर, "आण्णा, आत मरून पडले असतील तर? तिथंही माप घेत बसणार का?"

ते उठले. चप्पलसुद्धा घातली नाही. ओटा उतरले, बोळात वळले, मी मागं. वीस पावलांची वाट, पण अकरा वर्षांत त्यांनी तिच्यावर पाऊल टाकलं नव्हतं. मध्ये एकदा भिंतीला हात टेकला.

दार उघडंच होतं. बापू खाली बसलेले, टायगर पायाशी. समोर दोन कप चहा, दोन्हींवर साय धरलेली.

आण्णा उंबऱ्यातच थांबले. अकरा वर्षांनी माणूस काय बोलणार? म्हणाले, "बटन बंद हाय तुझं."

"म्हाईत हाय. म्यांच केलंय."

"का?"

"पाव्हणा म्हणला, तू माझा दिवा बघत बसतोस. म्हणलं, एक दिस न्हाई लागला तर येतो का बघू." बापूंचा आवाज फुटला. "सकाळपास्नं तीनदा च्या टाकला, दादा. दिस मावळाय आला. मला वाटलं, मेलो तरी तू येनार न्हाईस."

आण्णा मटकन खाली बसले. गार चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "रिजेक्ट हाय." आणि सगळा पिऊन टाकला. दोघं रडत होते. मीही रडलो, लपवून काय करू? मग बापू उठले आणि त्यांनी बटण चालू केलं. आण्णांनी खिशातून फोन काढून बघितला. भाऊ समोर उभा असताना! आणि म्हणाले, "आला."

त्यानंतर सामाईक भिंतीत दार काढायचं ठरलं. दोघांनी पंचांकडं जाऊन स्टँपपेपर बदलून आणला. आण्णांनी ओळंबा सोडून भिंतीवर खडूनं दार आखलं. पुसलं. दोन सूत डावीकडं सरकवून परत आखलं. मग पावसाळा जाऊ दे म्हणाले. मग चौकट मनासारखी मिळेना. झरोक्यातून बापूंचा आवाज यायचा, "तुझं माप होस्तवर मी मरंन की रं!" आणि आण्णा इकडून, "आधी माप!" पण आता मोठ्यानं बोलायला मी लागत नव्हतो. मला जरा एकटं एकटंच वाटलं त्या दिवसांत, खरं सांगतो.

मला हिंजवडीत नोकरी लागली. निघताना आण्णांनी माझी बॅग दोनदा बांधली, पहिल्यांदा रिजेक्ट. म्हणाले, "दार झालं की या. पयला पाय तुमचा." मी येतो म्हणालो. मग लग्न झालं, फ्लॅट झाला. दर रविवारी जायचं ठरायचं आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. माणहून निघोजं असं कितीसं लांब आहे? पण गेलो नाही. आणि एका सकाळी बापूंचा फोन आला, "पाव्हणं, दादा गेला. झोपंतच." बटण चालू करून ते झरोक्यातून हाक मारत होते, आणि पलीकडून "आला" ऐकू आलं नाही.

मी गेलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. पुन्हा तेराव्याला गेलो. सामाईक भिंतीत दार होतं. बापूंनी गवंडी लावून खडूच्या रेघेवर फोडून घेतलं होतं, पण चौकट डाव्या अंगाला कललेली. मी बघतोय हे बघून बापू म्हणाले, "दोन सूत वाकडी हाय. म्हाईत हाय मला. असू दे. त्येला शिव्या द्यायला काय तरी पायजे." मग मला दंडाला धरून म्हणाले, "चला. पयला पाय तुमचा म्हणला हुता त्यो. आमी कुणी अजून गेलो न्हाई त्यातनं. बोळातनंच ये-जा करतोय." सगळे पाहुणे बघत होते. मी चप्पल काढली, नीट सरळ ठेवली, आणि त्या दारातून गेलो.

निघताना मी विचारलं, "बापू, अजून रात्री बटण बंद करता?"

"करतो की," ते म्हणाले. "रातीला बंद केलं न्हाई, तर सकाळी चालू काय करू?"

आमच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत नेट आहे. भिंतीत आधीच नळ्या घातलेल्या, कुठं अडत नाही, कुणाकडं काही मागायला जावं लागत नाही. पण माझ्या फोनमधलं ते अॅप मी काढलेलं नाही. पहाटे साडेपाचला जाग येते. मी बाल्कनीत जाऊन उभा राहतो. ओळ उमटते.

"आला," मी म्हणतो. मोठ्यानं म्हणतो, इतक्या मोठ्यानं की निघोज्यापर्यंत ऐकू जावं.

आतून बायको झोपेत विचारते, "कोण आलं?"

आज ती उठेपर्यंत सहा वाजून गेले होते आणि ओळ उमटली नव्हती. मी शर्ट घातला, गाडीची किल्ली घेतली, आणि रविवारची वाट न बघता निघालो.